पोहण्याचे जलांतर्गत चित्रण : हाताचा मार्ग व हाताचे बल

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील बागायती गावांत मूल पोहावयास शिकते ते बहुधा विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधून मुलाला पाण्यात सोडावयाचे, दोराचे टोक वडीलधाऱ्याने हाती धरावयाचे आणि काठावरून "हात लांब टाक, पाय मार" असे सांगत राहावयाचे, ही तेथील जुनी शिक्षणपद्धती होय. तीत एक अडचण अशी की, शिकविणाऱ्याला जे दिसते ते जसेच्या तसे खरे नसते. पाण्याचा वक्रीभवनांक सुमारे १.३३ असल्यामुळे ६० सेंटिमीटर खोलीवरील हात सरळ वरून पाहता ४५ सेंटिमीटरांवर भासतो. तिरप्या नजरेस तो त्याहूनही उथळ वाटतो. लाटांनी प्रतिमा मोडते ती निराळीच. कोपर किती वाकले, पंजा कोणीकडे वळला, हे काठावरून कळत नाही. आणि पोहणाऱ्याची गती तर मुख्यतः तेथेच ठरते.

म्हणून कॅमेरा पाण्याखाली न्यावा लागला. या कामी अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक जेम्स कौन्सिलमन यांचे नाव प्रथम घ्यावयास हवे. हात वल्ह्याप्रमाणे सरळ मागे ओढावा, असा त्यापूर्वीचा सर्वसाधारण समज होता. उत्तम जलतरणपटूंच्या पाण्याखालील चित्रफितींत मात्र तसे आढळेना. १९७१ मध्ये ब्राऊन व कौन्सिलमन यांनी पोहणाऱ्यांच्या हातांना लुकलुकणारे दिवे लावून अंधारात छायाचित्रे घेतली. स्थिर पाण्याच्या संदर्भात हाताचा मार्ग वक्र निघाला. हात जेथे पाण्यात शिरला त्याच्या जवळपासच तो बाहेर येत होता. यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, पंजा वल्ह्यासारखा नसून पंख्याच्या पात्यासारखा काम करतो, आणि प्रवाहाला काटकोनात उत्पन्न होणारे उत्थापक बल शरीराला पुढे नेते. पुढे अनेक वर्षे मुलांना हात नागमोडी फिरविण्याचे धडे देण्यात आले.

चित्रे खरी होती. अनुमान मात्र घाईचे ठरले. १९९३ मध्ये हे, लिऊ व अँड्र्यूज यांनी दाखवून दिले की, या वक्रतेचा बराचसा भाग पोहताना धड कुशीवर वळते त्यामुळेच उद्भवतो. २०१२ मध्ये फॉन लोबेके व रजत मित्तल यांनी संगणकाच्या साहाय्याने हाताभोवतीचा प्रवाह तपासला, तेव्हा मुद्दाम आडवा फिरविलेल्या हातापेक्षा खोल व सरळ ओढलेला हात अधिक जोर देतो असे दिसले. उत्थापक बल नाहीसे झाले नाही, परंतु रोधाचे महत्त्व पुन्हा मान्य करावे लागले.

चित्रावरून आपणांस स्थान मिळते, बल मिळत नाही, हा मुद्दा विद्यार्थ्यांनी गणिताने पडताळून पाहावा. सेकंदास ५० चित्रे घेतली आणि बोटाचे टोक निश्चित करताना ५ मिलिमीटरांची चूक झाली, तर लागोपाठच्या तीन स्थानांवरून काढलेल्या त्वरणात प्रतिकूल संयोगी ५० मीटर प्रतिसेकंदवर्ग एवढी, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या पाचपट, चूक शिरते! आकडे गुळगुळीत करून घेतल्यावाचून त्वरण काढूच नये. आणि ते निर्दोष मिळाले तरी त्यात स्नायूंचे बल मिसळलेले असतेच.

कॅमेऱ्याच्या सपाट काचेतूनही वक्रीभवन चुकत नाही. हवेतील ६० अंशांचा दृष्टिक्षेत्रकोन पाण्यात सुमारे ४४ अंशांवर येतो, व कडेच्या प्रतिमा अधिक विकृत होतात. यास्तव ज्ञात लांबीची, खुणा केलेली चौकट त्याच पाण्यात, त्याच जागी ठेवून आधी तिचे चित्र घ्यावयास हवे. हाताचा वेग सेकंदास २ ते ३ मीटर असल्याने दोन चित्रांमध्ये तो ४ ते ६ सेंटिमीटर सरकतो. उद्भासनकाल एक सहस्रांश सेकंद ठेवल्यास प्रतिमा २-३ मिलिमीटरच फिसकटते, पण त्यासाठी प्रकाश भरपूर लागतो. पावसाळ्यात डिंभे किंवा माणिकडोहच्या गढूळ जलाशयात हा उद्योग करू नये. पाणी निवळल्यावर, दुपारच्या उन्हात, विहीर त्याहून पुष्कळ बरी.

विहिरीत शिकलेल्या मुलाचे चित्रण केल्यास पहिली गोष्ट दिसेल ती वर उचललेल्या डोक्याची. डोके वर गेले की कंबर व पाय खाली जातात, पाण्याला आडवा येणारा छेद वाढतो. आणि रोध तर वेगाच्या वर्गाच्या जवळपास प्रमाणात वाढत असतो. बालेवाडीच्या ५० मीटर तलावात स्पर्धेस उतरणाऱ्याला ही सवय महाग पडेल. तथापि तिला सरसकट दोष म्हणणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. जेथे पाचसहा हात मारताच समोरचा बांध येतो, पाण्यात पंपाचा नळ असतो आणि वरून दुसरा मुलगा कोणत्या क्षणी उडी टाकील याचा नेम नसतो, तेथे डोके वर ठेवणारा मुलगा शहाणाच म्हणावयाचा. त्याला स्पर्धेसाठी शिकवावयाचे असेल तर त्याचेच चित्र त्याला दाखवावे, डोके पाण्यात घेऊन चारसहा आठवड्यांनी त्याच वेगाने पुन्हा पोहावयास लावावे, आणि दोन्ही वेळच्या चित्रांत कंबरेची खोली मोजावी.