उरेब धागा आणि घाटातलं वळण

सोलापुरी चादर दोन्ही हातांत धरून ताण्याच्या धाग्याच्या दिशेने ओढून बघा. ती जागची हलत नाही. आता तीच चादर समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना धरून तिरकी ओढा. कापड लगेच ताणतं, नक्षी वाकडी होते, चौकोनाचा पतंग होतो. शिंपी या तिरक्या दिशेला उरेब म्हणतात. साठच्या दशकातल्या दांडग्या अमेरिकी गाड्या वळणावर का हेलकावत आणि आजची गाडी त्याच वळणावरून रुळावरून गेल्यासारखी का जाते, याचं बरंचसं उत्तर या चादरीत आहे.

टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे. आत धाग्यांचे थर असतात. जुन्या टायरमध्ये हे थर उरेब, एकमेकांना छेद देत घातलेले असायचे. वळणावर जोर आला की छेद देणारे धागे कात्रीच्या पात्यांसारखे सरकायचे. तेच धागे टायरच्या पोटातून आणि तळव्यातूनही जात असल्यामुळे पोट दबलं की तळवाही मुरडायचा. मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचं पेटंट घेतलं. त्यात धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात आणि तळव्याखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. पोट हवं तितकं दबू दे, तळवा रस्त्यावर सपाट राहतो. आणि हा तळवा केवढा? गाडीचं एक चाक साधारण आपल्या पंजाएवढ्या जागेनेच जमिनीला टेकलेलं असतं. दीड टनाची गाडी, आतली माणसं, सगळा वेग, हे सारं चार पंजांवर! मला या गोष्टीचं नवल अजून सरलेलं नाही.

या गोष्टीत सोलापूरचा धागा आणखी एका बाजूने येतो. वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ सालचा. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो गाड्या जोडायला सुरुवात केली. वालचंद १९५३ मध्ये गेले. पुढे साठच्या दशकात त्याच डॉज आणि प्लिमथ या नावांखाली अमेरिकेत मसल कार, म्हणजे सुरुवातीला म्हटलेल्या त्या दांडग्या गाड्या, धावू लागल्या.

१९६८ ची डॉज चार्जर घ्या. सगळ्यात ताकदवान हेमी इंजिन सात लिटरचं, कंपनीच्या तेव्हाच्या मोजणीने ४२५ अश्वशक्तीचं. पण हे ओतीव लोखंडाचं धूड पुढच्या चाकांवर बसलेलं. मागे स्प्रिंगचे पाटे आणि दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आस. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही कलणार. पॉवर स्टिअरिंग नसेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चक्राचे पाचाहून जास्त फेरे. आजच्या वेगवान गाडीत अडीचच्या आसपास पुरतात. अशी गाडी वळणात जोरात घातली की आधी नाक सरळच जाऊ पाहतं. चालकाने घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. उलट जोरात दाबला तर मागची चाकं जागेवर फिरतात. दोन्हीकडून शेपूट बाहेर. सरळ रस्त्यावर मात्र तिच्यासारखी तीच, कारण ती घडवलीच होती एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत झेप घ्यायला.

आमच्या घरी प्रीमियर पद्मिनी होती. तीही वालचंदांच्याच कंपनीची, मूळची फियाट. १०८९ सीसी, जेमतेम चाळीस अश्वशक्ती. ताकद चार्जरच्या दहाव्या हिश्श्याएवढी, पण हाडांचा साचा तोच: इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, मागे पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक, उरेब धाग्यांचे टायर. सोलापूरहून तुळजापूरला जाताना शेवटी घाट लागतो. वडील स्टिअरिंगशेजारचा हातातला गिअर खाली टाकायचे. वळण यायच्या आधीच हात फिरवायला लागायचे, कारण चक्रात दोन बोटं प्ले होता. गाडी आधी कलायची, मग विचार केल्यासारखी थांबायची, मग वळायची. पुढच्या सलग सीटवर आम्ही एकमेकांवर घसरायचो. येताना वडिलांचा एकच नियम, ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. ड्रम तापला की फुगतो आणि आतल्या ब्रेकशूपासून दूर जातो, म्हणजे ब्रेकची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच पेडल खोल जातं. डिस्क तापून फुगते ती पॅडच्या दिशेने, शिवाय उघडी असल्याने वाऱ्यावर लवकर निवते.

आजच्या गाडीत नुसते भाग सुधारलेले नाहीत, एक पहारेकरीही बसला आहे. १९९५ मध्ये मर्सिडीजमध्ये बॉशची स्थिरता राखणारी यंत्रणा आली. ती सेकंदाला २५ वेळा दोन गोष्टी ताडून पाहते: चालकाने चक्र कुठे वळवलं आहे आणि गाडी खरोखर कुठे चालली आहे. फरक दिसला की ती एकाच चाकाचा ब्रेक लावते. शेपूट बाहेर निघाली तर वळणाच्या बाहेरचं पुढचं चाक, नाक सरळ पळालं तर आतलं मागचं. माणसाच्या पायाला एकच ब्रेक पेडल, त्याला हे कधी जमणार नाही. मसल कारच्या घराण्यातल्या फोर्ड मस्टँगनेही २०१५ च्या पिढीपासून एकसंध आस सोडला आणि मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र बैठक दिली. २०१६ मध्ये भारतात विकायला आली ती हीच पिढी, पाच लिटरच्या इंजिनाची.

जुनी गाडी वाईट होती असं मी म्हणणार नाही. ती चालकाला सगळं सांगायची, फक्त सांगेपर्यंत थोडा उशीर व्हायचा. घाट कळायचा तो तिच्यातच. पण मुलांना मागे बसवून पावसात तो घाट उतरायचा असेल तर मी डोळे मिटून नवी गाडी निवडेन.

पुढच्या वेळी टायरच्या दुकानापाशी थांबलात तर टायरच्या पोटावरचा आकडा वाचा. पद्मिनीच्या टायरवर नुसतं ५.२०-१४ असायचं. आजच्या टायरवर १८५/६५ आर १५ असं काहीतरी असतं. त्यातला ‘आर’ म्हणजे रेडियल, सरळ धाग्याचा.