लयीची चढण

उस्ताद अल्लादिया खाँ राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारचे गवई होते. कोल्हापुरात रुजलेली त्यांची जयपूर-अत्रौली गायकी जाणकार ओळखतात ती लयीवरून. ख्याल अति संथ करायचा नाही, मात्रा चालती ठेवायची, आणि समेची ओढ आवर्तनभर सुटू द्यायची नाही. आता या गायकीतली तीनतालातली एखादी बंदिश भातखंड्यांच्या स्वरलिपीत उतरवून पाहा. सोळा मात्रा दिसतात, विभाग दिसतात, सम आणि खाली दिसते. लयीला मात्र एकच शब्द मिळतो: विलंबित, मध्य किंवा द्रुत. उरलेलं सारं गुरूसमोर बसून घ्यायचं.

तीच बंदिश म्युझस्कोरसारख्या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिली आणि वाजवायला लावली, की यंत्राला आकडा हवा असतो. मिनिटाला किती मात्रा? तुम्ही काहीच सांगितलं नाही तर ते १२० धरून चालतं आणि विलंबित ख्याल पळत सुटतो. ६० लिहिलं की तीनतालाचं आवर्तन १६ सेकंदांचं होतं, १२० लिहिलं की ८ सेकंदांचं. आकडा पानावरून लपवला तरी वादन त्याचं ऐकतं.

यंत्राच्या पोटात डोकावलं की खरी गंमत दिसते. संगणकावरचं संगीत ज्या मिडी फाइलमध्ये साठवतात, तिच्यात आवाज नसतोच. कोणता स्वर कुठे लागला आणि कुठे सुटला एवढीच नोंद असते, आणि ती नोंद सहसा सेकंदांत नसते, मात्रेच्या बारीक तुकड्यांत असते. लय वेगळी लिहिलेली असते: एक मात्रा किती मायक्रोसेकंदांची. १२० च्या लयीला ५,००,०००, ६० च्या लयीला १०,००,०००. म्हणजे स्वर मात्रेत बसवायचा आणि लय बाजूला ठेवायची, ही भातखंड्यांच्या कागदावरची व्यवस्था यंत्रातही तशीच आहे! या आकड्याला फाइलमध्ये तीन बाइट जागा असते, त्यामुळे मात्रा जास्तीत जास्त १६.७७ सेकंदांपर्यंत ताणता येते. साठच्या लयीतलं तीनतालाचं अख्खं आवर्तन एका मात्रेत मावेल, इतकी ऐसपैस जागा.

तबकडीला ही मुभा नव्हती. तिथे लय आणि स्वर एकाच फिरण्याला बांधलेले. तबकडी दुप्पट वेगाने फिरवा, लय दुगुन होते आणि स्वर सप्तकभर वर चढतो. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीतून अंतराळात गेली. ती तबकडी मिनिटाला १६⅔ फेरे फिरवायची आहे, म्हणजे एका फेऱ्याला ३.६ सेकंद. पण ऐकणाऱ्याला आपला सेकंद कसा कळणार? म्हणून वेष्टनावर फेऱ्याचा वेळ हायड्रोजनच्या अणूतल्या एका बदलाच्या काळात मोजून कोरला आहे. तो काळ सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही ०.७ पट. भैरवी तिच्याच लयीत आणि तिच्याच सुरात ऐकू यावी म्हणून माणसांनी केवढी ही काळजी घेतली!

परत सॉफ्टवेअरकडे येऊ. एका आकड्यावरून दुसऱ्यावर उडी मारणं सोपं, समेवर नवा आकडा लिहिला की झालं. मैफलीत मात्र लय अशी उडी क्वचितच मारते. बढत रंगत जाते तशी ती चढत जाते आणि तबलजी ठेक्यातून ती अलगद उचलून घेतो. ही चढण मिडी फाइलला माहीतच नाही. एक आकडा पुढचा आकडा येईपर्यंत तसाच राहतो. म्हणून सॉफ्टवेअर पन्हाळ्याच्या घाटाऐवजी जोतिबाच्या पायऱ्या बांधतं, फक्त इतक्या लहान की कानाला त्या रस्त्यासारख्याच वाटाव्यात.

पायऱ्या किती लहान असाव्यात? हिशेब करून पाहावा असा आहे. तीनतालाच्या एकाच आवर्तनात लय ६० वरून १२० पर्यंत चढवायची आहे. गुळगुळीत चढणीला ११.०९ सेकंद लागतात. दर मात्रेला एक पायरी केली तर ११.३४ सेकंद. पाव सेकंदाचा फरक सहज ऐकू येतो, म्हणून एकेका मात्रेतही अनेक पायऱ्या घालाव्या लागतात.

आणि चढणीला आकारही असतो. वर धरलेल्या हिशेबात दर मात्रेला लयीत सारखीच भर पडते, म्हणजे मिनिटाला पावणेचार मात्रा. पण कान वाढ मोजतो ती पटीत. ठाय, दुगुन, चौगुन ही आपली भाषाच पटीची आहे. तेव्हा दर मात्रेला लय सारख्याच पटीने वाढवून पाहा. सुरुवात ६०, शेवट १२०, मात्रा सोळाच, पण आता आवर्तन ११.५४ सेकंदांचं होतं. सम जवळपास अर्धा सेकंद उशिरा येते, आणि १२० च्या लयीत अर्धा सेकंद म्हणजे पुरी एक मात्रा.