वळणावरची गाडी

मागच्या महिन्यात गटाच्या मालाची खोकी टपावर बांधून आम्ही जीपने आंबा घाटातून निघालो. प्रत्येक वळणावर जीप डोलायची, पोटात गोळा यायचा. तेवढ्यात एक बुटकी स्पोर्ट्स सेडान सरसर पुढे गेली. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "ती का गं डोलत नाही?"

डोक्यावरचा हंडा वळताना तोल मागतो, कमरेवरचा तेवढा मागत नाही. गाडीचंही तसंच. सेडानचं वजन जमिनीलगत असतं, स्प्रिंगा कडक, टायर रुंद. बीएमडब्ल्यू ३ सिरीजसारख्या गाडीत तर पुढच्या-मागच्या चाकांवर वजन जवळजवळ निम्मं-निम्मं असतं. म्हणून ती कमी कलते, तोल राखते.

पण रस्ता धरून ठेवतात ते टायरच, आणि त्यांच्या पकडीला मर्यादा आहे. त्याच वळणावर वेग ताशी ४० चा ८० किलोमीटर झाला, की बाहेर फेकणारा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. पावसात पकड आणखी घटते. वळणातच जोरात ब्रेक दाबला, तर तीच पकड दोन कामांत वाटली जाते आणि गाडी घसरू शकते. महागड्या गाडीलाही यातून सूट नाही.

म्हणून वेग वळणाआधीच कमी करायचा. जड सामान टपावर नको. मागे बसलो तरी पट्टा लावायचा. आणि ड्रायव्हरदादांना "हळू घ्या" म्हणायला लाजायचं नाही. परतताना आम्ही खोकी खाली ठेवली, आणि तसं म्हणालोही.