चालत्या यंत्राची प्रत

व्हर्च्युअल मशीन बाहेरून पाहिले तर एक-दोन अवाढव्य डिस्क-फायली आणि काही ओळींची एक छोटी फाईल, एवढेच हाती लागते. मशीनला किती प्रोसेसर, किती मेमरी आणि कोणते नेटवर्क कार्ड द्यायचे, ते या छोट्या फायलीत लिहिलेले असते. आतून मात्र तो एक पूर्ण संगणक असतो. त्यावर हिशेब चालू असतात, टपाल येत-जात असते, डेटाबेसमध्ये नोंदी पडत असतात. मोठी फाईल दुसरीकडे उतरवून ठेवली की बॅकअप झाला, असे म्हणूनच पुष्कळांना वाटते. मशीन बंद असेल तर ते खरेही आहे. मशीन चालू असेल तर अशी प्रत बेभरवशाची असते, आणि बहुतेक वेळा हे मूळ मशीन गेल्यावरच कळते.

याला कारण वेळ आहे. २०० जीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबी या वेगाने वाचली तरी अर्ध्या तासाहून अधिक वेळ जातो. भर बाजारात दुकानाची खातेवही उतरवून घ्यायला बसलेल्या कारकुनाची जी अडचण, तीच इथे असते. त्याने दुसरे पान उतरवून घेतले. त्यानंतर मूळ वहीत पन्नासाव्या पानावरचे शंभर रुपये दुसऱ्या पानावर वळते झाले. कारकून पन्नासाव्या पानावर पोचला तेव्हा तिथून रक्कम वजा झालेली होती. त्याच्या नकलेत ते शंभर रुपये कुठेच नाहीत. प्रत्येक पान खरे असूनही वही खोटी ठरते. म्हणून बॅकअपच्या साधनाचे खरे काम एखादा एकच क्षण पकडून सगळी डिस्क त्या क्षणाला जशी होती तशी उतरवणे, हे आहे.

हे काम कसे होते ते पाहायला प्रॉक्समॉक्स व्हीई ही प्रणाली सोयीची आहे. व्हिएन्नातील एका कंपनीने २००८ साली ती आणली आणि तिचा स्रोत सर्वांना खुला आहे. लिनक्सच्या गाभ्यातील केव्हीएम आणि त्याच्या जोडीचे क्यूएमयू यांच्यावर तिची व्हर्च्युअल मशीन चालतात. बॅकअपसाठी तिच्यात व्हीझेडडम्प नावाची कमांड आहे. नावातले ‘व्हीझेड’ ओपनव्हीझेड या जुन्या कंटेनर-तंत्राचे. ते तंत्र २०१५ मध्ये प्रॉक्समॉक्सने सोडले, कमांडचे नाव तेवढे राहिले.

कमांड द्यायला सोपी आहे. व्हीझेडडम्प, पुढे मशीनचा क्रमांक, समजा १०१, आणि मग तीन सूचना: प्रत कोणत्या मोडने घ्यायची, कुठे ठेवायची आणि कशाने दाबून लहान करायची. माउसने चालणाऱ्या पडद्यावरही हेच काम होते. पण टर्मिनलवरची ओळ स्क्रिप्टमध्ये घालता येते, रात्री दोन वाजता आपोआप चालवता येते, आणि काय झाले याचा लेखी लॉग मागे राहतो. रात्रीचा बॅकअप का फसला हे सकाळी शोधणाऱ्याला त्या लॉगचा फार आधार असतो.

मोड तीन आहेत. ‘स्टॉप’ मोडमध्ये मशीन रीतसर बंद केले जाते, बॅकअप सुरू होताच ते पुन्हा चालू होते आणि उरलेली प्रत पाठीमागे घेतली जाते. म्हणजे मशीन बॅकअप संपेपर्यंत नव्हे, तर थोडाच वेळ बंद राहते. रात्री ज्या मशीनला हा खंड चालतो, त्याच्यासाठी हा मार्ग सर्वांत निर्धोक आहे, आणि लोक उगाच तो टाळतात. ‘सस्पेंड’ मोड जुन्या सोयीसाठी राहिला आहे. त्यात खंड जास्त पडतो आणि प्रत अधिक सुसंगत होईलच असेही नाही.

रोजच्या वापरात असतो तो ‘स्नॅपशॉट’ मोड. यात मशीन चालूच राहते. बॅकअप सुरू होण्याचा क्षण क्यूएमयू धरून ठेवते आणि डिस्क क्रमाने वाचत जाते. अजून न वाचलेल्या जागेवर मशीनला नवे काही लिहायचे असेल, तर तिथला जुना मजकूर आधी बॅकअपकडे पाठवला जातो आणि मगच नवा लिहू दिला जातो. दुकानदाराने खोडरबर उचलला की कारकून धावत जाऊन ते पान आधी उतरवून घेतो, तसे हे आहे. या युक्तीची किंमतही मोजावी लागते. बॅकअप ठेवण्याची जागा संथ असेल, तर मशीनचे लिहिणेही तिच्यासाठी खोळंबते. रात्रीच्या बॅकअपच्या वेळी डेटाबेस अडखळतो त्यामागे अनेकदा हेच कारण असते. यावर उपाय म्हणून २०२४ मध्ये आलेल्या ८.२ आवृत्तीत ‘फ्लीसिंग’ची सोय आली. जुना मजकूर आधी जवळच्या वेगवान डिस्कवर टाकायचा आणि तिथून सवडीने पुढे पाठवायचा.

क्षण पकडला तरी एक प्रश्न उरतो. त्या क्षणी मशीनच्या मेमरीत असलेले, डिस्कवर अजून न उतरलेले लिखाण प्रतीत येत नाही. अशी प्रत सुरू केली की मशीनला वीज अचानक गेल्यासारखे वाटते. पोस्टग्रेएसक्यूएलसारखे डेटाबेस आपली नोंदवही आधी लिहून ठेवतात, म्हणून त्यातून सावरतात. पण दरवेळी त्यांच्या सावरण्यावर विसंबणे बरे नाही. त्यासाठी मशीनच्या आत ‘गेस्ट एजंट’ नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवतात. बॅकअप सुरू होताना तो प्रलंबित लिखाण डिस्कवर उतरवतो, फाईल सिस्टीम क्षणभर गोठवतो आणि मग मोकळी करतो. विंडोजमध्ये हे काम त्याच प्रणालीतील व्हीएसएस या सेवेमार्फत होते. एजंट आत बसवून मशीनच्या मांडणीत त्याची सोय चालू करायची राहून जाणे, ही चूक फार आढळते. बॅकअप तरीही यशस्वीच दिसतो.

हाती येते ती व्हीएमए प्रकारची एक फाईल. तिच्यात डिस्कचा मजकूर आणि मशीनची मांडणी दोन्ही असते. फाईलच्या नावातच मशीनचा क्रमांक, तारीख आणि वेळ येते. डिस्कवरचे शून्यांनी भरलेले भाग त्यात साठवले जात नाहीत, म्हणून ५०० जीबीच्या अर्ध्या रिकाम्या डिस्कची फाईल बरीच लहान असू शकते. मात्र खोडलेल्या फायलींचा मजकूर डिस्कवर तसाच पडून असतो. ती जागा मोकळी झाल्याचे मशीनने खाली कळवण्याची सोय, म्हणजे डिस्कार्ड, चालू नसेल तर तो कचराही प्रतीत जातो. दाबण्यासाठी जीझिप आणि एलझेडओ आहेत, पण २०१६ मध्ये फेसबुकने खुले केलेले झेडएसटीडी आज बहुधा योग्य ठरते. मशीनचे आधी घेतलेले स्नॅपशॉट, म्हणजे मागे फिरता यावे म्हणून जपलेल्या त्याच्या जुन्या स्थिती, बॅकअपमध्ये येत नाहीत. बॅकअपमधून वगळण्याची खूण केलेली डिस्कही येत नाही, आणि ती खूण कधी केली होती हे विसरलेले असते.

स्नॅपशॉटलाच बॅकअप मानण्याचा गोंधळ इथे दूर करायला हवा. मशीनचा स्नॅपशॉट बहुधा त्याच डिस्कवर, त्याच सर्व्हरमध्ये राहतो. नव्या सॉफ्टवेअरने घोळ केला तर मागे फिरायला तो उत्तम, पण डिस्क गेली की तोही गेला. प्रत त्याच इमारतीत ठेवण्याचा धोकाही तसाच आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक इमारत पूर्ण जळाली. ज्यांचे बॅकअपही त्याच जागी होते, त्यांची माहिती कायमची गेली. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी, हा जुना नियम अशा घटनांमुळेच टिकून आहे.

दूरच्या प्रतीला अडसर असतो नेटवर्कचा. १०० मेगाबिटच्या जोडणीवरून ५०० जीबी जायला सगळे सुरळीत असतानाही अकरा तास लागतात. म्हणून प्रॉक्समॉक्सच्याच वेगळ्या बॅकअप सर्व्हरची पहिली आवृत्ती २०२० मध्ये आली. तो डिस्कचे ४ एमबीचे तुकडे करतो आणि एकसारखा तुकडा एकदाच साठवतो. चालू मशीनचे कोणते भाग बदलले याची नोंद क्यूएमयू ठेवते, त्यामुळे दुसऱ्या रात्री तेवढेच वाचावे आणि पाठवावे लागतात. मशीन मधे बंद करून पुन्हा चालू केले तर ती नोंद पुसली जाते आणि एकदा सगळी डिस्क वाचावी लागते.

जुन्या प्रती किती ठेवायच्या तेही व्हीझेडडम्पलाच सांगता येते: रोजच्या सात, आठवड्याच्या चार, महिन्याच्या सहा, असे. फक्त शेवटच्या तीन प्रती ठेवणाऱ्याचा घात वेगळ्या प्रकारे होतो. फाईल सोमवारी बिघडली आणि शुक्रवारी लक्षात आली, तर तिन्ही प्रतींत बिघडलेलीच फाईल असते.

प्रतीवरून मशीन उभे करायची कमांड आहे क्यूएमरिस्टोअर. तिला बॅकअपची फाईल आणि नवा क्रमांक द्यायचा. ‘युनिक’ ही सूचना दिली की नेटवर्क कार्डाला नवा मॅक पत्ता मिळतो. ‘फोर्स’ दिली तर त्या क्रमांकाचे आधीचे मशीन पुसले जाते, म्हणून ती देताना क्रमांक दोनदा वाचावा. चाचणीसाठी मशीन वेगळ्या क्रमांकावर उभे करून, सुरू करण्याआधी त्याची नेटवर्क जोडणी मांडणीतूनच तोडून ठेवतात, नाहीतर एकाच आयपी पत्त्याची दोन मशीन एकमेकांना भिडतात. मग आत जाऊन डेटाबेस उघडतो का आणि त्यातली शेवटची नोंद कोणत्या वेळेची आहे ते पाहायचे. ती वेळ फाईलच्या नावातल्या वेळेच्या जवळची असली पाहिजे. रिस्टोअरला किती मिनिटे लागली तेही टिपून ठेवायचे, कारण खरी वेळ आली की सगळे आधी तेच विचारतात. त्यानंतर चाचणीचे मशीन काढून टाकायचे.