उद्योगाच्या वाटा (भाग ९) : वालचंदशेठ आणि आपला कोयता

गेल्या आठवड्यात आपण बार्शी लाइट रेल्वेपाशी थांबलो होतो. या रेल्वेचा येडशी–तडवळे टप्पा बांधण्याचा ठेका घेणाऱ्या जोडीतले एक होते रेल्वेतली कारकुनी सोडून ठेकेदारीत आलेले लक्ष्मणराव फाटक. दुसरे सोलापूरच्या व्यापारी घरातले वालचंद हिराचंद दोशी, जन्म १८८२. येडशी आपल्या बीड जिल्ह्याच्या शेजारचीच.

रेल्वेची कामे करता करता वालचंदशेठ जहाजांकडे वळले. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे ‘लॉयल्टी’ जहाज त्यांनी नरोत्तम मोरारजींसारख्या भागीदारांसह विकत घेतले आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघाले. समुद्रावर तेव्हा ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी होती. त्यांनी भाडी पाडली, आणि १९२३ मध्ये वालचंदशेठ आणि भागीदारांच्या सिंदिया जहाज कंपनीला तडजोड करून किनाऱ्यावरच्या मालवाहतुकीपुरते थांबावे लागले. पण कंपनी टिकली. पुढे १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीने बंगळूरला विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. यातले एकही यंत्र त्यांनी स्वतः शोधलेले नव्हते. सरकार जिथे दार लावून बसले होते, तिथे भांडवल, परवाना आणि जाणकार भागीदार एकत्र आणणे, ही त्यांची खरी करामत. विमानांचा कारखाना तर दोनच वर्षांत सरकारने आपल्याकडे घेतला.

बीडच्या वाचकाला मात्र त्यांचा सर्वात जवळचा धंदा साखरेचा. नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावची माळरानाची जमीन घेऊन त्यांनी १९२३ पासून शेती उभी केली होती. १९३२ मध्ये परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि देशात साखर काढणे परवडू लागले. पाठोपाठ रावळगावला आणि इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला त्यांचे कारखाने सुरू झाले. १९५० नंतर प्रवरेपासून सहकारी कारखान्यांची रांग लागली.

तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो, साखरेचा उतारा घटतो. म्हणून कारखान्याला गाळपाच्या चार-पाच महिन्यांत एकदम हजारो हात लागतात. ते आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणीच्या कोरडवाहू गावांतून जाऊ लागले. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायको कोयता धरतात. ऊस बुडातून तोडायचा, वाढे छाटायचे, पाचट काढायचे, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढायचे. बाई गरोदर असली तरी फळी तीच. रात्र कोपीत, आणि गाडी आली की पहाटेसुद्धा उठून भरायची.

वालचंदशेठ १९५३ मध्ये गेले. त्यांच्या धडाडीबद्दल मला नितांत आदर आहे. पण साखरधंद्याचा इतिहास संस्थापक आणि चेअरमन यांच्यापाशीच संपतो, याची मला चीड येते. फडात राबलेल्यांचा हिशेब त्याच पुस्तकात हवा.

पुढच्या भागात मुकादम आणि उचल यांची पद्धत समजून घेऊ. ज्यांच्या घरी आजोबांच्या काळातली उचलीची वही किंवा टोळीचा करारनामा असेल, त्यांनी तो कृपा करून रद्दीत घालू नये.