मॅन्युअल कुणाच्या मालकीचे?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी दिवा-रोहा गाडीने पेणहून रोह्याला बैठकीसाठी निघालो होतो. कासू स्टेशन मागे पडले आणि समोरच्या बाकावरच्या तरुणाने "जय भीम, साहेब" म्हणत पिशवीतून दोनशेपानी वही काढली. धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटी कामावर जाणारा हा मुलगा संध्याकाळी वस्तीत, विहाराशेजारच्या खोलीत पोरांना कॉम्प्युटर शिकवतो. कुठल्याशा ऑफिसने भंगारात काढलेले चार संगणक त्याच्याकडे आहेत. त्यांच्यावर नवे विंडोज चालत नाही आणि विकत घ्यायला पैसेही नाहीत, म्हणून त्याने लिनक्स टाकले. पण शिकवायचे कशावरून? पुस्तक इंग्रजीत, पोरे मराठी शाळेतली. मग या पठ्ठ्याने दीड वर्ष रात्री बसून लिनक्समधल्या रोजच्या आज्ञांचे मॅन्युअल मराठीत उतरवले. फाइल कशी बघायची, कशी हलवायची, कशी पुसायची, सगळे वहीत. त्याचा प्रश्न एकच होता : "हे छापलं तर माझ्यावर केस होईल का?"

कोणत्या तरी क्लासवर चोरीच्या सॉफ्टवेअरसाठी धाड पडली, असे त्याने ऐकले होते. भीती अगदीच खोटी नाही. चोरीचा प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरणाऱ्याला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ब लागते. त्यात किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाखांपर्यंत दंड आहे. वापर नफ्यासाठी वा धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळू शकते. पण फी घेऊन क्लास चालवणाऱ्याने त्या सवलतीवर विसंबू नये. "सगळेच वापरतात" हा बचाव न्यायालयात चालत नाही. आपल्या तरुणांनी हे एकदा नीट ऐकून ठेवावे.

पण प्रोग्रॅम वेगळा आणि त्याचे मॅन्युअल वेगळे. इथेच लोकांचा घोळ होतो. मॅन्युअल हे कायद्याच्या नजरेत साधे साहित्य आहे, पुस्तकासारखे. स्वतःच्या अभ्यासापुरता त्याचा वाजवी वापर करायला कलम ५२ मुभा देते. ती मुभा प्रोग्रॅमला नाही. उलट, विंडोजचे पैसे मोजले म्हणजे त्याच्या पुस्तकाच्या झेरॉक्स विकायचा हक्क मिळाला, असेही होत नाही. आणि अनुवादाचा हक्क कलम १४ नुसार मूळ मालकाकडेच असतो. म्हणजे वहीत उतरवून स्वतः शिकणे एक, आणि तीच वही छापून विकणे दुसरे.

मी त्याला विचारले, "मूळ पुस्तकाच्या सुरुवातीला परवान्याचा मजकूर आहे, तो वाचलास का?" तो ओशाळला. सगळे पुस्तक उतरवले, नेमके तेच पान सोडले होते. त्यात त्याचा दोष नाही. ते पान भल्याभल्या वकिलांनाही कंटाळवाणे वाटते.

या मॅन्युअलांचा इतिहास मोठा रंजक आहे. युनिक्सचे पहिले मॅन्युअल अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी तयार केले; त्यावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. पुढे हे मॅन्युअल मशीनच्या पोटातच ठेवले जाऊ लागले. आज्ञा दिली की पडद्यावर पान हजर. "ऑनलाइन मॅन्युअल" म्हणजे तेव्हा हे, इंटरनेट नव्हे. ऑस्ट्रेलियातले प्राध्यापक जॉन लायन्स यांनी विद्यार्थ्यांसाठी युनिक्सच्या आतल्या रचनेवर भाष्य लिहिले. १९७९ च्या आवृत्तीपासून कंपनीने परवान्यात अट घातली, की हा मूळ मजकूर वर्गात शिकवायचा नाही. झाले! लायन्सचे भाष्य जगभर झेरॉक्सवर, झेरॉक्सच्या झेरॉक्सवर फिरले. उघडपणे ते पुस्तक म्हणून छापायला १९९६ साल उजाडले. शिकण्यावर मालकीचे कुलूप घालणे ही काही फक्त आपल्याच देशातली कला नाही.

याच कुलपाला उत्तर म्हणून रिचर्ड स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने मार्च २००० मध्ये खास पुस्तिकांसाठी मुक्त परवाना काढला. त्याचे नाव जीएनयू फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्स. छापा, बदला, अनुवाद करा, विकासुद्धा. फक्त पुढच्यालाही हाच हक्क द्या. मराठी विकिपीडियासकट सगळा विकिपीडिया २००९ पर्यंत याच परवान्यावर चालत होता. या परवान्यातही एक गोम आहे. लेखक काही भाग "अपरिवर्तनीय" ठरवू शकतो, म्हणजे त्याला कुणी हात लावायचा नाही. डेबियन या लिनक्स बनवणाऱ्या जागतिक गटाने २००६ मध्ये चक्क मतदान घेऊन ठरवले, की असे भाग असलेली पुस्तिका आम्ही मुक्त मानणार नाही. मुक्तीच्या पुरस्कर्त्यालाही जाब विचारणारे कार्यकर्ते असावेत ते असे. आपल्या संघटनांत असे मतदान कधी होते, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.

गाडी नागोठण्याला आली तोवर मी त्याच्या मोबाइलवर ते पान उघडून वाचले होते. त्याने उतरवलेले मॅन्युअल कोअरयुटिल्सचे होते. परवाना हाच, आणि एकही भाग अपरिवर्तनीय नाही. म्हणजे छापायला मोकळा. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

समजा, पुस्तक कंपनीच्या कुलपातलेच असते तर? तरी सगळे दार बंद नाही. दिल्ली विद्यापीठाजवळच्या रामेश्वरी फोटोकॉपी या झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या बड्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला होता. शिकवण्याच्या ओघात लागणाऱ्या प्रतींना कलम ५२ चे संरक्षण आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले. खासगी क्लासला हे सूत्र जसेच्या तसे लागू होईल, असे छातीठोक सांगणारा वकील मात्र मी नव्हे.

दुसरे कलम तर आपल्याकडे कुणी उघडूनही बघत नाही. ते आहे ३२. शिक्षणासाठी लागणाऱ्या परदेशी पुस्तकाचा भारतीय भाषेत छापील अनुवाद करायचा असेल, मालक परवानगी देत नसेल किंवा सापडत नसेल, तर प्रकाशनानंतर तीन वर्षांनी सक्तीचा परवाना मागता येतो. आणि भाषा कुठल्याही विकसित देशात सर्रास चालणारी नसेल, तर एकाच वर्षाने. मराठी ही अशीच भाषा. रॉयल्टी द्यावी लागते, ठरलेल्या मुदती पाळाव्या लागतात, पण हक्क आहे.

मात्र मुक्त परवान्याने सगळे सुटले, असे मानू नये. मायक्रोसॉफ्टनेही आपली बरीच तांत्रिक कागदपत्रे आता क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर खुली केली आहेत. पण ती वाचणार कोण? बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा तळे खुले करण्याचा ठराव १९२४ चा. कागदावर तळे तेव्हाच खुले झाले होते. प्रत्यक्षात पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ ला. इंग्रजीतले मुक्त मॅन्युअल रोह्याच्या पोराला त्या ठरावाइतकेच खुले आहे. संगणकाच्या प्रमाणपत्रासाठी आपल्या राज्यात लाखो मुलांनी फी भरली, पण मशीन आतून समजावणारे मराठी पुस्तक शोधायला गेले तर हाताशी फारसे लागत नाही.

हाच नियम बाबासाहेबांच्या ग्रंथांनाही लावून पाहावा, कारण स्टॉलवाले मला नेहमी विचारतात. लेखकाच्या निधनानंतरची साठ वर्षे धरली, तर बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या स्वतःच्या लेखनावरचा कॉपीराइट २०१६ अखेर संपला. ते आता कुणीही छापावे. पण त्याचा दुसऱ्याने केलेला मराठी अनुवाद, प्रस्तावना, टिपा यांचा हक्क त्या त्या लेखकाचा. तो न विचारता उचलू नये. आपल्याच माणसाचे कष्ट असतात ते.

रोहा स्टेशनवर उतरल्यावर त्याला तीन गोष्टी बजावल्या. मूळ कर्त्यांची नावे आणि कॉपीराइटची नोंद ठेव. हा अनुवाद आहे आणि तो तू केलास, हे स्वच्छ लिही. आणि शंभराहून जास्त प्रती काढल्यास, तर मजकुराची फाइलही लोकांना मिळेल अशी सोय कर. परवान्यात तशी अट आहे.

चौथी गोष्ट नंतर फोनवर सांगावी लागली. परवान्याचा मराठी अनुवाद छापला तरी चालतो, पण त्यासोबत मूळ इंग्रजी परवाना पूर्ण छापावाच लागतो. पेणच्या छापखान्यात प्रूफ घेऊन गेला, तेव्हा मालक म्हणाले, "मराठी पुस्तकात ही एवढी इंग्रजी पाने कशाला? काढून टाक, कागद वाचेल." पोराने काढली नाहीत. दीडशे प्रती छापायच्या ठरल्या आहेत, आणि त्या पानांच्या कागदाचे पैसे वस्तीतल्या महिला मंडळाने दिले.