मागे वळून मोजायचे ९० दिवस

भाचीच्या पासपोर्टात शेंगेन व्हिसा चिकटून आला, त्या दिवशी घरात पेढे आले. व्हिसा वर्षभराचा होता, मल्टिपल एंट्रीचा. ती पुण्यात नोकरीला, होणारा नवरा म्युनिकला; साखरपुडा झालेला, लग्नाला अवकाश. "म्हणजे आता वर्षभर केव्हाही जा, कितीही राहा," असं तिच्या बाबांनी जाहीर करून टाकलं. केव्हाही जा, हे बऱ्यापैकी खरं होतं. कितीही राहा, हे मात्र साफ चूक.

त्या चिकटपट्टीवर तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात आणि त्या एकमेकींत मिसळल्या की घोटाळा होतो. एक, व्हिसा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालतो. दोन, किती वेळा आत जाता येईल: एकदा, दोनदा की अनेकदा. तीन, मुक्कामाचे दिवस. तिच्या व्हिसावर तिथे ९० हा आकडा होता. पहिल्या रकान्यातल्या तारखा म्हणजे दार उघडं असण्याचा काळ. आत किती दिवस राहायचं ते तिसरा रकाना सांगतो. पाच वर्षांचा व्हिसा मिळाला तरी हे बदलत नाही.

आणि हे ९० दिवस व्हिसाच्या पूर्ण काळासाठी मिळून नसतात. नियम असा: कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस मुक्काम. खरी मेख 'कोणत्याही' या शब्दात आहे. काहींना वाटतं जानेवारी ते जून एक खातं, जुलै ते डिसेंबर दुसरं. काही जण पहिल्या प्रवेशापासून १८० दिवस पुढे मोजतात. दोन्ही चूक. तुम्ही युरोपात असाल त्या प्रत्येक दिवशी मागे वळून बघायचं: आजचा दिवस धरून गेल्या १८० दिवसांत मी इथे किती दिवस होते? उत्तर ९० किंवा कमी असेल तर आजचा दिवस कायदेशीर. उद्या पुन्हा तोच प्रश्न, फक्त खिडकी एक दिवस पुढे सरकलेली.

आपल्याकडच्या आईवडिलांना अमेरिकेची पद्धत जास्त ओळखीची असते. तिथे उतरल्यावर अधिकारीच कधीपर्यंत राहायचं ती तारीख ठरवून देतो, बहुधा सहा महिन्यांची. युरोपात अशी तारीख कुणी हातात देत नाही. हिशेब आपला आपण करायचा, आणि चुकला तर 'मला कुणी सांगितलं नाही' हे चालत नाही.

युरोपियन कमिशनच्या संकेतस्थळावर यासाठी कॅल्क्युलेटर आहे. पण यंत्र नुसतं उत्तर देतं, समजावत नाही. म्हणून आम्ही शाळेतला आलेखाचा कागद घेतला. एक मिलिमीटर म्हणजे एक दिवस. दोन कागद जोडले की वर्षाची साडेछत्तीस सेंटिमीटरची पट्टी होते. मुक्कामाचे दिवस लाल पेन्सिलीने रंगवले. मग पुठ्ठ्याला बरोबर अठरा सेंटिमीटर लांबीची खाच कापली. ही खाच म्हणजे १८० दिवसांची खिडकी. खिडकीची उजवी कड 'आज'वर ठेवायची आणि आत दिसणारं लाल मोजायचं. नऊ सेंटिमीटरच्या वर लाल दिसलं की संपलं.

तिचा पहिला मुक्काम १० जानेवारी ते २० फेब्रुवारी, म्हणजे ४२ दिवस. दुसऱ्यांदा ती १ मेला गेली. उरले ४८, म्हणजे १७ जूनला नव्वदी भरणार. जानेवारीचे दिवस तोवर खिडकीतून बाहेर पडतील का? नाही. १० जानेवारी खिडकीबाहेर जातो तो थेट ९ जुलैला. तेव्हा १७ जूनपर्यंत निघणं भाग. पण ९ जुलैपासून गंमत सुरू होते: रोज डावीकडून एक जुना लाल दिवस गळतो आणि उजवीकडे एक नवा बसतो. जानेवारी-फेब्रुवारीत राहिलेले ४२ दिवस जसेच्या तसे परत मिळतात, १९ ऑगस्टपर्यंत. २० ऑगस्टला गळायला काही नसतं, म्हणून त्या दिवशी तिथे असणं म्हणजे ९१. हे पुठ्ठा सरकवताना पाहिलं तेव्हा कुठे तिच्या बाबांचा चेहरा उजळला.

दिवस मोजण्यातही खाचाखोचा आहेत. उतरण्याचा दिवस पूर्ण धरतात, निघण्याचाही. रात्री ११:५० ला उतरलात तरी तो एक दिवस. निघणं म्हणजे म्युनिक सोडणं नव्हे, शेंगेनची हद्द सोडणं: म्युनिकहून फ्रँकफर्ट आणि तिथून मुंबई असं तिकीट असेल तर पासपोर्ट तपासणी फ्रँकफर्टला होते, आणि ती मध्यरात्रीनंतर झाली तर आणखी एक दिवस गेला.

हिशेब एकट्या जर्मनीचा नसतो, २९ देशांचा एकत्र असतो. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये आहे. आयर्लंडचं बरोबर उलट. रुमानिया आणि बल्गेरियातले दिवस ३१ मार्च २०२४ पासून यात धरले जातात. दोघांनी शनिवार-रविवार झुरिकला काढला म्हणून मीटर थांबत नाही. लंडनला गेलात तर तिथले मधले दिवस मोजले जात नाहीत, पण आकडा शून्यावरही येत नाही. आणि व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर बाहेर पडताच तो संपतो, दिवस उरले असले तरी.

तिच्या वेळी पासपोर्टावर शिक्के पडत होते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने त्यांच्या जागी संगणकी नोंद आली आहे: चेहऱ्याचा फोटो, येण्याची तारीख, जाण्याची तारीख. पुसट शिक्का, चुकलेला शिक्का या पळवाटा आता गेल्या. जास्तीचा एक दिवसही यंत्र स्वतःच दाखवतं, आणि पुढच्या व्हिसाच्या अर्जात तो आडवा येऊ शकतो.

मुदत वाढवून मिळते का? मिळते, पण कारण हाताबाहेरचं हवं: इस्पितळात पडणं, विमानंच बंद होणं. विरह त्या यादीत नाही. हमीपत्राचाही इथे उपयोग नाही. जर्मनीतला जोडीदार तिथल्या कार्यालयात पगाराच्या पावत्या दाखवून 'हिचा खर्च माझा' असं लिहून देतो, त्या कागदाचं नाव फेरप्फ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग (हे एका दमात म्हणता आलं की साखरपुड्याला सासरची संमती समजावी). त्याने खर्चाचा प्रश्न सुटतो, दिवस वाढत नाहीत.

नव्वदच्या पुढे राहायचं तर रस्ताच वेगळा: लग्नानंतर जोडीदाराकडे राहायला जाण्याचा राष्ट्रीय व्हिसा. त्यावरचे आणि रहिवासी परवान्यावरचे दिवस या नव्वदात धरत नाहीत. त्यासाठी बहुतेकांना ए-१ पातळीचं जर्मन लागतं. नवरा ब्लू कार्डवर असेल तर बायकोला त्यातून सूट आहे. पण अर्ज साधारणपणे भारतातूनच करावा लागतो. पाहुणी म्हणून जायचं आणि तिथेच परवाना करून घ्यायचा, हा बेत बहुधा फसतो.

जूनमध्ये ती अगदी १७ तारखेचंच तिकीट काढायला निघाली होती. विमान चुकलं, रद्द झालं तर काय, म्हणून मी १४ चं काढायला लावलं. होणारे जावई फोनवर तीन दिवसांवरून बरेच कुरकुरले. मी पुठ्ठा सरकवून पाहिला. ८७ च झाले होते; शिल्लक तीन दिवस बुडालेले नव्हते. ती ९ ऐवजी ६ जुलैलाच गेली.